अकरा नंबरपुढची खूण

"ठीक की उदास, एवढंच. खूण करायची आणि मोकळं व्हायचं." मेट्रनबाईंनी छापील कागदांचा गठ्ठा टेबलावर आपटला. "तुमची ती वही आजपासून बंद. परत दिसली तर मेमो हातात देईन, सांगून ठेवते."

सिस्टरने वही पुढे केली. सगळे तिला पाठीमागे 'शब्दकोशबाई' म्हणत, आणि ते तिला चांगलं ठाऊक होतं. बाकीच्या नर्स ड्यूटी संपताना 'रुग्ण उदास' एवढं खरडून घरी पळत. हिचा कारभार तसला नव्हता. अर्धं ताट टाकणारा हिच्या लेखी खिन्न. दाराकडे डोळे लावून बसणारा उदास, कारण तो निदान कुणाची तरी वाट बघतो. बोलणारा पण नजर न देणारा, तो विषण्ण. कावलेला वेगळा, हिरमुसलेला वेगळा. आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला, की सुन्न. सुन्न लिहिलं की पुढच्या पाळीने दर अर्ध्या तासाने त्या कॉटशी जायचं, असं तिनेच सगळ्यांच्या मागे लागून ठरवून घेतलं होतं. मोठे डॉक्टर हसायचे. "सिस्टर, पेशंटला औषध द्यायचंय, त्याच्यावर निबंध नाही लिहायचा!"

हसोत बापडे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, बायकांच्या वॉर्डात, एकीच्या नावापुढे तिने चार दिवस ओळीने 'उदास' लिहिलं होतं. पाचव्या दिवशी ती कॉट रिकामी होती; बाईने रात्रीत जीव दिला होता. उशीखाली राहिलेला त्या बाईचा कंगवा बावीस वर्षं झाली तरी तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

अकरा नंबरला शिंपीकाका होते. उभा जन्म मशिनवर गेलेला, आणि आता अर्धांगाने उजवा हात लुळा पडलेला, चालणंही पाय ओढत. तीन आठवड्यांत वहीतले काका कावलेल्यापासून सुन्नपर्यंत उतरत गेले होते. आज मात्र ते उठून बसले होते. दाढी करून घेतली होती. झाडायला आलेल्या मावशींना म्हणाले, "फार त्रास दिला तुम्हाला. माफ करा हं." मापाची टेप त्यांनी बारा नंबरच्या पेशंटला देऊन टाकली. मग सिस्टरच्या एप्रनचं लोंबणारं बटण चिमटीत धरून हसले.

"हे तेवढं लावायचं राहिलं बघा माझ्याकडून."

"राहू दे की! वेळेवर काम देईल तो शिंपी कसला?" ती म्हणाली. "मी थांबेन."

दोनला दहा मिनिटं कमी होती आणि अठरा नावं उरकायची होती. कागदावर चौकोन दोनच. हसणाऱ्या माणसापुढे 'उदास' कसं लिहायचं? तिने 'ठीक'वर खूण केली. मनात काहीतरी खुटखुटलं, पण धाकटी सिस्टर पाळीवर येऊन उभीच होती. तिच्या हातात कागद ठेवून ही निघाली.

बसस्टॉपवर पास काढताना पिशवीतल्या एप्रनच्या खिशात काहीतरी कडक लागलं. बाहेर काढलं, तर सुई टोचू नये म्हणून शिंपी बोटात घालतात ती पितळी टोपी. हात गेला तरी काकांनी ती बोटातून काढू दिली नव्हती.

टेप, माफी, टोपी. माणूस निरवानिरव करत होता आणि आपण 'ठीक' लिहून आलो! समोर बस येऊन थांबली, आणि ती उलट्या दिशेने पळत सुटली.

अकरा नंबरची कॉट रिकामी होती.

"काका कुठायत?"

"बाथरूमला गेले असतील," धाकटी म्हणाली. "का हो? तुमच्याच कागदावर 'ठीक' आहे ना?"

"बाथरूम बघ! मावशी, तुम्ही गेट! मी वर जाते."

गच्चीच्या जिन्यात तिला आधी एक चप्पल दिसली. मग काका दिसले. दारापासून चार पायऱ्या अलीकडे ते कठड्याला टेकून बसले होते, घामाने निथळत. पायाने वाटेतच दगा दिला होता. ती त्यांना ओलांडून वर गेली आणि दाराला पाठ लावून बसली.

"तुमच्या पाळीत नको होतं मला," काका खाली बघत म्हणाले. "म्हणून तर दोन वाजेस्तोवर थांबलो."

तिने मूठ उघडली. "ही माझ्या बोटाला ढिली होते. तुमची तुम्ही घ्या."

"हातच गेला, बाई. काय करू तिचं?"

एवढे शब्द गाठीशी बांधलेली बाई, पण त्या जिन्यात तिला एकही सापडेना.

"माझं बटण राहिलंय," शेवटी ती म्हणाली. "मी थांबेन म्हणाले होते."

काका ओक्साबोक्शी रडायला लागले. तिलाही आवरलं नाही. डॉक्टरांना घेऊन धाकटी वर आली, तेव्हा दोघं तशीच बसलेली होती.

दोन दिवसांनी मेट्रनबाईंनी तिला केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्या हातात तो कागद होता.

"ही खूण कुणाची?"

"माझी."

"चौकोन कमी होते असं लिहा खुलाशात. निभावून जाईल."

"नको. कोरी जागा होती बाजूला, तिथे लिहिता आलं असतं. मेमोच्या भीतीने नाही लिहिलं. चूक माझी आहे." तिने सही करून खुलासा पुढे सरकवला.

मेट्रनबाईंनी तो वाचला, आणि त्यांची नजर तिच्या एप्रनवर थांबली. पांढऱ्या कापडावर एक बटण काळ्या दोऱ्याने लावलेलं होतं. टाके मोठे, वाकडेतिकडे. सुईत दोरा तिने ओवून दिला होता, कापड तिने ताणून धरलं होतं, आणि काकांच्या डाव्या हाताला ते बटण लावायला सबंध सकाळ लागली होती.

"हे काय? ड्यूटीवर असं चालत नाही. काढून नीट लावून घ्या."

"नाही बाई," सिस्टर म्हणाली. "शिंप्याकडून लावून घेतलंय."

ती वॉर्डात परत गेली. अकरा नंबरचे काका दाराकडे डोळे लावून बसले होते.