सहभागी क्रमांक सहा

"बाई, मनात जे येईल ते मोठ्यानं बोलायचं. काही लपवायचं नाही," संयोगिता म्हणाली.

"सगळंच बोलू?" वर्षाराणी मगदूम बाईंनी विचारलं. "मनात आत्ता हेच येतंय, की गारगोटीची साडेचारची एसटी चुकली तर पोराला क्लासवरनं कोण आणणार."

"चालेल. पण स्क्रीनकडं बघत बोला."

"स्क्रीनकडं बघितलं तरी तेच येतंय की वो."

लॅबच्या दारात स्टुलावर बसून मी हे ऐकत होतो आणि मला मनापासून बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगू? मगदूम बाई दहा मिनिटं एका मुलाचे गुण भरायला धडपडत होत्या आणि त्यांना जमत नव्हतं. साइट संयोगितानं नव्यानं बनवलेली. कॅमेरा तिचा, घड्याळ तिचं, चाकाची खुर्चीही तिचीच. अडलेल्या बाई तेवढ्या माझ्या.

मी आकाराम चौगले. कोल्हापुरातल्या एका अध्यापक महाविद्यालयाच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये बावीस वर्षं सहायक आहे, येत्या मार्चमध्ये निवृत्त होईन. आमच्या संस्थेच्या चाळीस शाळा जिल्हाभर पसरलेल्या आहेत आणि तिथल्या बहुतेक शिक्षकांनी माउस पहिल्यांदा धरला तो माझ्यासमोर. इथून गेल्यावरही ती माणसं माझीच राहतात. गुण भरायची साइट उघडत नाही, पासवर्ड आठवत नाही, पान गोल गोल फिरतंय, की लागलाच आकारामला फोन. जेवताना, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर मी दवाखान्यात सलाईन लावून पडलो होतो तेव्हासुद्धा. मी कुरकुरायचो, पण फोन आला नाही तर मला करमायचं नाही.

संयोगिता उचगावची. वडील फौंड्रीत कामाला. दहावीच्या सुट्टीत ती आमच्या उन्हाळी वर्गाला आली तेव्हा माउस उलटा धरून बाण पळवत होती आणि मी तिचं मनगट धरून तो सरळ केला होता. आता ती पीएच.डी. करते. शिक्षक इंटरनेटवर कुठे अडतात, का अडतात आणि त्यांना सोपं आणि सुरक्षित काय देता येईल, हा तिचा विषय. प्राचार्य जोशी सरांनी मला तो कौतुकानं वाचून दाखवला. मी म्हटलं, "सर, हे तर मी रोज फोनवर ऐकतो की." सर हसले. त्यांना तो विनोद वाटला.

तेव्हापासून माझ्या पोटात दुखायला लागलं ते थांबलंच नाही. तिला आल्याबरोबर कपबशीतून चहा, मला नेहमीचा कागदी कप. सर तिला 'मॅडम' म्हणत आणि मला 'अरे आकाराम'. गेल्या आठवड्यात तिनं माझी वही पाहिली. एकशे चाळीस शिक्षकांचे पासवर्ड त्या वहीत होते, शाळांच्या क्रमानं, माझ्या अक्षरात. ती वही म्हणजे माझी बावीस वर्षं होती. सरांच्या समोरच ती म्हणाली, "मामा, ही कुणाच्या हातात पडली तर चाळीस शाळांचे गुण कुणीही बदलेल. फाडून टाका." तिचं बरोबर होतं. चुकलं असतं तर मी भांडलो तरी असतो. वही मी तिच्यासमोर फाडली, आणि मी फाडत होतो तेव्हा ती पुढच्या कामासाठी घड्याळाकडे बघत होती.

तर आता मगदूम बाई अडल्या होत्या. पडद्यावर मधोमध, तळहाताएवढं, हिरवंगार चमकणारं बटण होतं: 'गुण भरा'. बाईंचा बाण त्याच्याजवळ जायचा आणि वळसा घालून माघारी यायचा.

"इथं काय बी दिसत न्हाय मला," बाई म्हणाल्या.

संयोगिता भुवया वर करून बघत राहिली. तिला कळेना. मला मात्र कळलं होतं, अगदी पहिल्या मिनिटात.

त्याचं असं आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गुरुजींनी लॅबमध्ये 'अभिनंदन, तुम्हाला गाडी लागली' असल्या एका झगमगणाऱ्या चौकोनाला हात लावला आणि सगळी मशिनं आठ दिवस बंद पडली. तेव्हापासून पहिल्या दिवशी पहिला धडा म्हणून मी सगळ्यांकडून मोठ्यानं म्हणून घेतो. जे मोठं हाय, रंगीत हाय, चकाकतंय, त्याला हात लावायचा न्हाय. ते फसवायलाच ठेवल्यालं असतंय. शिक्षकांनी ते पाठ केलं आणि शाळेत जाऊन पोरांकडूनही पाठ करून घेतलं. माझ्या एकाही माणसाचे इंटरनेटवर पैसे गेलेले नाहीत, याचा मला अभिमान आहे. आणि त्याच माझ्या माणसांसमोर या पोरीनं मोठं, रंगीत, चकाकणारं बटण आणून ठेवलं होतं.

एक वाक्य सांगितलं असतं तर काम झालं असतं. ते माझ्या जिभेवर आलंसुद्धा. मग मी तिच्या चाकाच्या खुर्चीकडे पाहिलं आणि ते गिळून टाकलं.

त्या शनिवारी पाच जण बसले आणि पाचही अडले. संयोगिता रडकुंडीला येईल असं मला वाटलं होतं. पण ती पानं भरभरून लिहीत होती, डोळे चमकत होते. याचाच मला राग आला. त्यात संध्याकाळी जोशी सर लॅबमध्ये डोकावले.

"काय रे आकाराम, बावीस वर्षं शिकवून ही तऱ्हा? एकालाही साधं बटण सापडू नये?"

ते हे संयोगितासमोर बोलले. तिनं मान खाली घातली. ती माझी कीव करत होती की हसू दाबत होती, मला आजही माहीत नाही. पण घरी जाईपर्यंत माझे कान तापलेले होते.

पुढच्या शनिवारी आठ जण यायचे होते. त्यांची नावं माझ्याकडेच होती, कारण निरोप मीच दिले होते. सोमवारी दुपारच्या सुट्टीत मी लॅबमध्ये तिची साइट उघडली. हिरवं बटण दाबा, एवढं फोनवर सांगायला मला काहीच लागलं नसतं. पण ज्या तोंडानं बावीस वर्षं 'हात लावायचा न्हाय' म्हटलं, त्या तोंडानं मी तिच्या बटणाची वकिली करणार नव्हतो. शोधत शोधत मला दुसरी वाट सापडली. 'अहवाल' उघडायचा, त्यात आपला वर्ग, त्यात खाली बारीक अक्षरात 'दुरुस्ती', आणि तिथून गुण भरता येतात. लांबची वाट होती, पण माझी होती.

आठही जणांना फोन केले. गडहिंग्लजकडच्या पिराजी मास्तरांनी तर अहवाल, वर्ग, दुरुस्ती असं तीन वेळा घोकून दाखवलं.

"पण हे चालतंय न्हवं, आकाराम?" त्यांनी विचारलं.

"न चालाय काय झालं? साहेब तपासणीला यायच्या आधी पोरांकडनं धडा पाठ करून घेत न्हाय व्हय तुमी?"

"घेतो की!" मास्तर खूश झाले. "मग बघाच आता शनवारी."

माझ्या मनात काय होतं तेही सांगतो. शनिवारी आठही जण झरझर गुण भरतील, जोशी सर तोंडात बोट घालतील आणि संयोगिता विचारेल, यांना कुणी शिकवलं? मग तिला ते लिहावं लागेल. कुठेतरी, तिच्या त्या जाडजूड प्रबंधात, माझं नाव येईल. एवढंच मला हवं होतं.

शनिवारी पिराजी मास्तर पहिले बसले. "मनात काय येतंय ते बोला," म्हटल्यावर ते खणखणीत आवाजात म्हणाले, "अहवाल! वर्ग! दुरुस्ती!" आणि दीड मिनिटात मोकळे झाले. दुसऱ्या बाई एक मिनिट वीस सेकंद. जोशी सर मुद्दाम येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "वा, आज गाडी रुळावर आली." मी स्टुलावर ताठ बसलो.

तिसऱ्या माणसानंतर संयोगितानं लिहिणं थांबवलं. चौथ्यानंतर ती नुसती बघत होती. आठवे गुरुजी गेल्यावर तिनं कॅमेरा बंद केला.

"मामा, जरा आत या."

मी आत गेलो. विचार, म्हटलं मनात, विचार आता.

"आठही जण अहवालातनं गेले," ती हळू म्हणाली. "तिथनं दुरुस्तीत. साइट मी बनवली, तरी त्या वाटेनं मी स्वतः कधी गेले नाही. त्यांना कुणी शिकवलं?"

तिनं अगदी तोच प्रश्न विचारला होता. पण तो मला हवा तसा ऐकू आला नाही.

"मी," म्हटलं.

ती उठली, खिडकीपाशी गेली, परत आली. आणि मग इतके दिवस पुस्तकी बोलणारी ती पोर एकदम उचगावची झाली.

"मामा, ही काय तपासणी हुती व्हय? मला अडल्यालीच माणसं पायजे हुती! कुठं अडत्यात तेच बघायचं हुतं मला. आता ह्या आठ जणांस्नी परत पहिल्यांदा कुठनं बसवू मी?"

माणूस पहिल्यांदा एकदाच बसतो, हे इतक्या जणांना बसवूनही माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

"पुढच्या महिन्यात पुण्याला परिषदेत मांडायचं हुतं हे," ती म्हणाली. "आता ते गेलं."

तिचं काहीतरी जावं, असं मला कितीतरी दिवस वाटत होतं. आता ते गेलं होतं आणि मला जराही आनंद झाला नाही. ती डोळे पुसत नव्हती, पण ओठ घट्ट मिटून बसली होती. अकरा वर्षांपूर्वी बाण पळायचा तेव्हाही ती अशीच बसायची.

मग तिनं विचारलं, "पण एवढी लांबची वाट का सांगितली? हिरवं बटण सांगायचं की. सोपं हुतं."

"त्याला आमचं कोण बी हात लावणार न्हाय," मी म्हटलं. "मोठं, रंगीत, चकाकतंय…"

"…त्याला हात लावायचा न्हाय," तिनं वाक्य पुरं केलं आणि तिचा हात तोंडावर गेला. "मला पण तुमीच म्हणाय लावल्यालं. पहिल्या दिवशी. हितंच."

आम्ही दोघंही पडद्याकडे पाहत राहिलो. ते बटण तिथे आपलं चमकत होतं.

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"मगदूम बाई बसल्या तवाच."

"आणि गप बसला?"

"व्हय."

"का?"

आता लपवायला काय उरलं होतं? "तुला खुर्ची मिळाली," मी म्हटलं, "आणि मला स्टूल. म्हणून. मी जे रोज करतो त्याचं तू नाव कमवणार, आणि माझी वही तेवढी फाडायची. जळत हुतो मी तुझ्यावर. बास."

ती असू दे म्हणाली नाही, चुकलं तुमचं असंही म्हणाली नाही. तिनं चाकाची खुर्ची माझ्याकडे ढकलली, कॅमेरा सुरू केला आणि माझं स्टूल ओढून त्यावर स्वतः बसली.

"बसा. आता मनात येईल ते मोठ्यानं बोला."

"काय बोलू?"

"माणसं कुठं अडत्यात ते. सगळं."

मी बोललो. गडबडीत असलेला माणूस बटण दोनदा दाबतो आणि मग गुण दोनदा जातात. बायका पासवर्डात पोरांची नावं घालतात, पुरुष गाडीचा नंबर. लाल अक्षरात काही आलं की लोक ते वाचत नाहीत, आधी घाबरून सगळं बंद करतात. खेड्यातल्या शाळेत नेट जातं ते नेमकं शेवटच्या मुलाच्या वेळी, आणि शिक्षकाला वाटतं आपल्याच हातून काहीतरी बिघडलं. मोबाइलवर आलेला नंबर कुणालाही सांगू नका असं मी शिकवलं, तर काही जण तो साइटवरही टाकेनात. तासभर मी बोलत होतो आणि ती लिहीत होती. मध्येच ती म्हणायची, "थांबा, हे परत सांगा." बावीस वर्षांत 'परत सांगा' फक्त अडलेले लोक म्हणत आले होते.

शेवटी तिनं एक कागद पुढे केला.

"हे सहमतीपत्र. आधी घ्यायला हवं होतं. वाचून सही करा." तिची भाषा पुन्हा जागेवर आली होती.

मी वाचलं. माझ्या परवानगीनं माझं बोलणं संशोधनात वापरलं जाईल. माझं नाव कुठेही छापलं जाणार नाही. उल्लेख फक्त क्रमांकानं होईल.

"माझा नंबर किती?"

"सहा. आजचे आठ मला धरता येत नाहीत. गेल्या वेळच्या पाचांनंतर तुम्ही."

"फुडं आभाराच्या पानावर तरी…?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"तिथं नाव घातलं तर सहावा कोण ते सगळ्यांना कळतंय, मामा. न्हाय घालता येत." तिनं कॅमेऱ्याकडे बोट केलं. "सही केली न्हाय तरी चालतंय. मग हे सगळं पुसून टाकते."

तिनं पेन टेबलावर ठेवलं आणि वाट बघत बसली. बाहेर जोशी सर शिपायाला कुलपाबद्दल काहीतरी ओरडून सांगत होते.

एरवी मस्टरवर मी नुसती तीन अक्षरं ओढतो. त्या दिवशी कागद नीट सरळ करून घेतला आणि सावकाश, शिक्षकांच्या पासवर्डांसाठी वापरायचो त्या वळणदार अक्षरात, पूर्ण लिहिलं: आकाराम गणपती चौगले. संयोगितानं ते वाचलं. कागद पाकिटात घातला, पाकीट चिकटवलं आणि त्यावर सहा हा आकडा लिहिला.