दोन हनुवट्या, एक चिमटा
मी चिमटा बोलतोय. गरम भांडी उचलतो तो माझा दांडगा भाऊ. मी बोटभर लांबीचा, केस उपटणारा.

कारखान्यात घडलो, दुकानात टांगला गेलो आणि या घरच्या आईंच्या हाती आलो. "भुवयांसाठी घेतलाय," असं त्या सांगायच्या. खरं काम मात्र दार लावून, हनुवटीवर चालायचं. काळे, राठ केस! आज उपटले की चार दिवसांत पुन्हा हजर. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, हा आईंचा बाणा. त्यांनी कधी कुणाला कळू दिलं नाही.

लेक कॉलेजात जायला लागली आणि तिने मला गुपचूप आपल्या पर्समध्ये टाकलं. आईंना वाटलं, मी हरवलो. खाण तशी माती; तीच हनुवटी, तेच राठ केस. पोरगी आरशासमोर रडायची आणि मला आणखी घट्ट दाबायची. आत काय बिघडलंय, तिथवर माझी टोकं पोचतात कुठे?

पुढे तिची पाळी चार महिने आली नाही, तेव्हा आई तिला डॉक्टरांकडे घेऊन निघाल्या. पाहुण्यांआधी घर आवरावं, तशी तिने निघण्याआधी हनुवटी साफ केली. माझ्याकडूनच.

"चेहऱ्यावर जाड केस येतात का गं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"छे, नाही."

"घरात कुणाला असा त्रास? आई, तुम्हाला?"

"आमच्यात नाही हो कुणाला असलं काही! परीक्षेचं टेन्शन घेतलंय हिने."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो मी त्या पर्समध्ये खाल्ला. दोघींचं खरं मला ठाऊक, आणि मला वाचा नाही.

"मला पीसीओएसची, म्हणजे हार्मोन्सच्या बिघाडाची शंका येतेय," बाई म्हणाल्या. "पाळी, केस, वजन, सगळं त्यात बिघडतं. मुळापासून जात नाही, पण खाणं, व्यायाम, औषधं सांभाळली की आटोक्यात राहतं. तपासण्या करून घेऊ."

"परीक्षा तर होऊ दे आधी," म्हणत आई उठल्याच.

"मग महिन्याने नक्की या. आणि काही लपवू नका."

महिना झाला. आज पुन्हा जायचंय. केस परत आलेत, पाळी नाही. मला पाय असते तर कपाटाखाली जाऊन लपलो असतो. पोरी, आज मला हात लावू नकोस गं. हनुवटी तशीच घेऊन जा, बाईंना बघू दे. आणि आई, एकदाच तुमचीही मूठ उघडा.

पर्सची चेन सरकतेय. तिची बोटं आत मला शोधतायत.