कोरडी वाटी

मुलीच्या बाकी सगळ्या विषयांचा बट्ट्याबोळ करून झाल्यावर बाबा विज्ञानाकडे वळले.

दुसरीतल्या मुंगीला (हे नाव त्यांचंच, कारण पोरगी एकदा निघाली की वाट सोडत नसे) त्यांनी हातच्याची वजाबाकी आपल्या काळच्या पद्धतीने शिकवली, आणि तिला येत होती तीही बिघडली. ‘माझी मांजर’वर पाच ओळी लिहायच्या होत्या, तिथे त्यांनी ‘मार्जारकुलातील हा चतुष्पाद’ घुसवला. घर ते शाळा नकाशा काढायला बसले आणि शाळाच नदीपलीकडे नेऊन ठेवली. आई म्हणाली, “तुम्ही नुसते शेजारी बसा हो, मदत नका करू.” पण गप्प बसतील तर ते बाबा कसले!

विज्ञान मात्र त्यांच्या डाव्या हातचा मळ. बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत ते साहेब होते. त्यांच्या सहीशिवाय एक पोतं हलत नसे. मुंगीने खिडकीत दोन वाट्या मांडल्या, दोन्हींत कापसावर चवळीचे दाणे. हात लावायचा नाही, नुसतं बघायचं, अशी बाईंची ताकीद होती. बाबांनी पाहिलं तर एका वाटीतला कापूस ओला आणि दुसरीतला खडखडीत कोरडा. विसरली वाटतं! वर्गात हिरमुसेल बिचारी. मग रोज सकाळी बूट घालण्याआधी ते ड्रॉपरने त्या दाण्यांखाली गुपचूप पाणी सोडू लागले, तेही कापूस वरून कोरडाच दिसेल अशा बेताने. शेवटी जाणकार माणूस! मनातल्या मनात त्यांनी स्वतःची पाठही थोपटली.

“बाबा, दोन्हींना मोड आले,” एका संध्याकाळी मुंगी म्हणाली.

“अरे वा!”

“वा काय? ही कोरडीच ठेवायची होती. बी पाण्याशिवाय उगवतं का, ते बघायला.”

बाबांच्या पायाखालची जमीन सरकली. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण प्रयोगशाळेचे साहेब दुसरीतल्या पोरीपुढे कबूल कसं करणार? “असं होतं कधीकधी,” ते पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी पालकांना वर्गात बोलावलं होतं. सगळी मुलं एका सुरात सांगत होती, बीला पाणी लागतं. मुंगी उभी राहिली. “माझ्या कोरड्या वाटीतही मोड आले.”

वर्ग खिदळला.

“चुकून पाणी घातलंस का, बाळ?” बाई मायेने म्हणाल्या. “जाऊ दे, पुस्तकातलं लिही.”

“नाही घातलं. मला दिसलं तेच मी सांगतेय.” तिने बाबांकडे बोट दाखवलं. “बाबांना विचारा. ते बियांचे साहेब आहेत, ते खरं सांगतील.”

चिमुकल्या बाकात गुडघे दुमडून बसलेले बाबा उठले, तर बाकही त्यांच्यासोबत उठला. “पाणी मी घातलं,” ते म्हणाले.

आता खिदळायची पाळी पालकांची होती. बाईंनीही तोंडाला रुमाल लावला. मुंगी तेवढी हसली नाही.

“काल का नाही सांगितलं?” घरी येताना तिने विचारलं.

“लाज वाटली गं.”

“मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं.”

हे बाबांना फार लागलं. वर्गातल्या हशाचं त्यांना काहीच वाटेनासं झालं.

मुंगीने नव्याने वाट्या मांडल्या. सकाळी बूट घालताना कोरड्या वाटीतले दाणे केविलवाणे दिसत, बाबांचा हात शिवशिवे, आणि आतून मुंगीचा आवाज येई, “बाबा, हाताची घडी!” ते निमूट घडी घालत.

या खेपेला ओल्या वाटीत मोड आले, कोरडीत दाणे तसेच पडून राहिले. मुंगीने चित्र काढलं, खाली लिहिलं. बाबांनी सवयीने खिशातलं पेन काढलं. “सही करू का खाली?”

“नको,” ती म्हणाली. “मी पाहिलंय ना.”