पिवळी खूण

रायपूरजवळच्या बीरगांवात, आमच्या गॅरेजात, शाळेच्या बस दुरुस्तीला येतात. धनी गेल्यापासून बावीस वर्षं ते मीच चालवलं, चौथी शिकलेल्या बाईनं. चाकाचे नट आवळून झाले की आमचा मिस्त्री दयाराम त्यांच्यावर पिवळ्या रंगाचं बोट लावतो. ते दिसलं की पुन्हा कोणी पाना लावून बघायचं नाही, हा नियम माझाच. शाळेच्या साहेबांना मी ऐटीत सांगायची, "दयारामची खूण आहे, झोपा निवांत."

त्या दुपारी काम नव्हतं. एकच बस उभी होती. तिची चाकं दयारामनं सकाळी बसवली होती, आणि अडीचला ती तेलीबांध्याच्या लेकरांना शाळेतून घ्यायला निघणार होती. तोवर दयाराम आणि बसचा ड्रायव्हर यज्ञेश्वर यांनी रेडिएटरचा जुना पंखा पत्र्याच्या डब्यात बसवून कूलर बनवायला घेतला. पंखा फिरला, पण हवा सगळी मागं, भिंतीवर.

"वा! भिंतीलेच लई गरम होऊन राहिलं होतं," मी म्हटलं.

"काकू, तुमच्यापुढं पंखाही तोंड फिरवते," यज्ञेश्वर म्हणाला.

दयाराम खोखो हसला. तारा उलट जोडायला त्यानं उजवा हात वर केला आणि हसू तिथंच विझलं. गुपचूप पेचकस डाव्या हातात घेतला. यज्ञेश्वरला दिसलं नाही. मला दिसलं.

मी उठले, बसच्या पलीकडं गेले आणि माझाच नियम मोडला. पाना लावला. खूण असलेला नट माझ्या बासष्ट वर्षांच्या हातानं अर्धा फेरा फिरला. दुसराही फिरला.

मागच्या खोलीतून मी पोराला, शिशिरला, फोन लावला. तो कागदांच्या कामानं नवा रायपूरला गेला होता.

"आई, धीरे बोलो," तो म्हणाला. "दयाराम चाचा का कंधा गया है. दोन महिने झाले, मीच मागून आवळून घेतो. आज घाईत राहिलं."

"मले काहून नाही सांगितलं?"

"तुम बोलती, तो पूरा बीरगांव सुनता."

फोन ठेवला. शिशिरला पाना धरायला याच माणसानं शिकवलं. धनी गेले तेव्हा बाकीचे मिस्त्री दुसरीकडं गेले, हा एकटा राहिला. जन्मात कोणाच्या तोंडावर बोलायला मी भ्यायले नाही. त्या दिवशी भ्यायले. दयारामला केटली देऊन चहा आणायला पिटाळलं आणि यज्ञेश्वरला म्हटलं, "सगळे नट आवळ. लवकर."

चहाचं दुकान बंद होतं. दयाराम रिकामी केटली घेऊन लगेच परतला. यज्ञेश्वर पान्याच्या दांड्याला पाइप लावून त्यावर पाय देऊन उभा होता. तो उतरलाच नाही, तसाच थिजला.

"कब से, बाई?" दयारामनं मला विचारलं.

आजच, असं म्हणता आलं असतं. "दोन महिने," मी म्हटलं. "शिशिर आवळते."

"शिशिर," तो म्हणाला. नुसतंच.

माझं तोंड सुटलं. "उद्यापासून पाना धरू नको. बसून हाताखालच्या पोट्ट्यांचं काम बघ. लेकरं बसतात गाडीत, दयाराम!"

"देखने के लिए तो आप हो, बाई."

यज्ञेश्वरनं उरलेले नट आवळले. बस वेळेवर गेली. त्यानं संध्याकाळपर्यंत अवजारं पुसली, हात धुतले, रोजच्यासारखा नमस्कार करून गेला.

दुसऱ्या दिवशी दहा वाजले तरी तो आला नाही. शिशिर म्हणाला, फोन करू. मी म्हटलं, फोनवर काय बोलणार आहेस? मीच ऑटो केला आणि त्याच्या पाऱ्यात, त्याच्या मोहल्ल्यात, गेले. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

त्याची बायको कुसुम अंगणात भाजी चिरत होती. मला बघून घाबरलीच, विळी सोडून उठली.

"बाई, आप? वो तो सात बजे ही निकल गए, डब्बा लेकर. आपके यहाँ नहीं पहुँचे?"

"हव, पोहोचला ना," मी म्हटलं. "मी अशीच आले."

तिनं पाणी आणलं. तिच्यासमोर मला ते सगळं प्यावं लागलं.