दुसरा ब्रेक

बाईंच्या हाताखालून दोन हजारांवर माणसं गाडी शिकून गेली, आणि त्यातल्या एकालाही बाईंनी कधी खऱ्या नावाने हाक मारली नाही. पहिल्या दिवशी जी चूक कराल, तेच तुमचं नाव. क्लच फाडकन सोडून गाडीला बेडकासारखी उडवणारा तो झटक्या. समोरचा रस्ता सोडून स्वतःच्या मागेच बघत बसणारी ती आरसा. आणि सायकलवाल्यांनासुद्धा आधी जाऊ देणारा तो मुंगी. झटक्या आता टक्कल पडलेला, गाड्यांच्या शोरूमचा मॅनेजर होता. आरसा दातांची डॉक्टर झाली होती, म्हणजे आरशाने काही तिचा पिच्छा सोडला नव्हता. आणि मुंगी गेली सत्तावीस वर्षं अ‍ॅम्ब्युलन्स चालवत होता. यावर हसून हसून सगळ्यांचे जबडे दुखले होते, पण त्याच्या गाडीत एकही पेशंट उशिरामुळे दगावला नाही, हेही सगळे सांगत.

तर झटक्याच्या शोरूममध्ये तीन नव्या डिझेल गाड्या आल्या. त्या दिवसभर लांबच्या रस्त्यावर चालवायच्या, दर टप्प्याला चालवणारा बदलायचा आणि संध्याकाळी छापील फॉर्मवर मत लिहून द्यायचं, असं कंपनीचं म्हणणं होतं. परकी माणसं गोळा करण्यापेक्षा बाईंचा वर्गच का भरवू नये, असं झटक्याच्या डोक्यात आलं. "डिझेल म्हणजे काय ते बाईंपेक्षा जास्त कुणाला कळतं?" असं म्हणत त्याने नऊ जण जमवले.

बाई तयार झाल्या, पण मोकळ्या मनाने नाही. कारण त्यांची लेक.

गेल्या दोन महिन्यांत बाईंची गाडी फाटकाच्या खांबाला दोनदा घासली होती आणि शेजाऱ्यांची एक कुंडी फुटली होती. खांब कुणीतरी वाकडा बसवलाय आणि कुंडी मुळात रस्त्यात ठेवायची वस्तू नव्हे, असं बाईंचं म्हणणं. लेकीने वाद घातला नाही. लायसन्सचं नूतनीकरण दहा दिवसांवर आलं होतं. ती एवढंच म्हणाली, "आई, तो डॉक्टर समोरची अक्षरं वाचायला लावतो. ती तू पाठ करून जाशील, मला माहीत आहे. त्यापेक्षा या सहलीत एक टप्पा तू चालव. संध्याकाळी मला सांग, यापुढे चालवायची की नाही. तू म्हणशील ते."

कार्टी हुशार होती. भांडली असती तर बाईंनी तिला गुंडाळून ठेवलं असतं. पण स्वतःच्या लेकीला सरावात दोनदा नापास करणाऱ्या बाईला शब्दावर सोडणं, म्हणजे बांधून घालण्यासारखंच. बाई खोटं बोलत नाहीत, ही गावभर पसरलेली गोष्ट होती. एकदाच खोटेपणा झाला होता, पण तो बाईंशिवाय कुणालाच ठाऊक नव्हता. निदान बाई तसं समजत होत्या.

आणि गाडी सुटली तर राहणार काय? नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, घर गावाच्या टोकाला. गाडीची किल्ली पर्समध्ये आहे तोवर आपण कुणीतरी आहोत, असं बाईंना वाटे. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही फारसं सांगितलं नव्हतं.

सकाळी शोरूमच्या आवारात तिन्ही गाड्या पुसून उभ्या होत्या. पहिल्या गाडीत झटक्या चालवायला बसला, शेजारी बाई, मागे आरसा आणि मुंगी. झटक्याने बटण दाबायला बोट पुढे केलं आणि तो तसाच थांबला. बाईंनी मागे वळून पाहिलं, तर आरसा आणि मुंगी दोघंही ओठ हलवत होते.

"...आठ, नऊ, दहा," झटक्या म्हणाला आणि त्याने बटण दाबलं.

मग चौघंही असे हसले की बाजूच्या गाडीतली माणसं काचा खाली करून बघायला लागली.

बाईंची जुनी गाडी राखाडी रंगाची, डब्यासारखी डिझेल होती. थंडीत ती चालू करायची तर आधी किल्ली अर्धी फिरवायची, इंजिनातली कॉइल तापायची वाट बघायची, काट्यांशेजारचा पिवळा दिवा विझला की मगच पुढे. दिवा तर बाईंच्या पहिल्याच वर्षी गेला होता. म्हणून बाईंनी नियम केला, दहापर्यंत मोजा. घाईघाईने मोजणाऱ्याला पुन्हा एकपासून. त्या दहा आकड्यांत माणसाचा श्वास जागेवर येतो, आरसा नीट होतो, पाय आपापली जागा शोधतात, असं बाई सांगायच्या. खरी गोष्ट इतकीच होती की दिव्याचं काम कायम राहूनच गेलं. आता या नव्या गाड्यांना कॉइलची वाट बघायला लागत नाही. पण जित्याची खोड.

"हिला आवाजच नाही रे," बाई म्हणाल्या. "आपली कशी, चालू केली की अख्ख्या गल्लीला कळायचं."

"बाई, माझी आई आवाज ऐकून चहा टाकायची," आरसा म्हणाली. "म्हणायची, आली तुझी खडखड."

पहिल्याच सिग्नलला गाडी थांबली आणि इंजिन बंद झालं.

"बंद पाडलीस!" बाई ओरडल्या. "क्लच! झटक्या, क्लच!"

"बाई, हिला क्लच नाही. थांबली की ती आपली आपण बंद होते, डिझेल वाचवायला. ब्रेकवरचा पाय उचलला की परत चालू."

"म्हणजे जे केल्याबद्दल मी तुला तीस वर्षांपूर्वी छत्रीच्या दांड्याने हाणलं, ते आता गाडीच करते?"

"हो."

"मग तो दांडा परत घेते," बाई म्हणाल्या.

शहर मागे पडलं. रस्ता झाडांमधून चढू लागला, खाली नदी दिसायला लागली. प्रत्येकाला आपापलं काही आठवत होतं. या वळणावर आरसाने पहिल्यांदा ट्रकला मागे टाकलं होतं आणि नंतर गाडी बाजूला घेऊन रडली होती. त्या पुलावर झटक्याने गाडी सात वेळा बंद पाडली होती. बाई हसत होत्या, बोलत होत्या, आणि प्रत्येक वळणावर त्यांचा पाय समोरच्या चटईवर दाबला जात होता. जुन्या गाडीत तिथे दुसरा ब्रेक होता. शिकाऊ माणूस चुकला की बाईंचा पाय चुकत नसे. चटईखाली आता काहीच नव्हतं, तरी पाय आपला दाबतोय. मुंगीने मागून ते पाहिलं होतं.

तिसऱ्या टप्प्याला बाई स्टिअरिंगवर बसल्या. मुंगी शेजारी, आरसा मागे. झटक्या मागच्या गाडीत गेला. बाईंनी दहा मोजले. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी निघाली. पहिली पंधरा मिनिटं बाईंना इतका आनंद झाला की लेकीला काय सांगायचं ते वाक्यसुद्धा त्यांनी मनात तयार केलं. मी ठणठणीत आहे, तू आपली तुझी काळजी कर.

एका छोट्या गावातून रस्ता जात होता. कडेला सिमेंटच्या गोण्या उतरवणारा ट्रक उभा होता. बाई समोर बघत होत्या, डोळ्यांत तेल घालून बघत होत्या.

एकदम गाडीला कुणीतरी मागून धरून ओढावं तसा धक्का बसला. पट्टा छातीत रुतला. गाडी जागेवर उभी राहिली आणि समोर, हात लावता येईल इतक्या अंतरावर, खांद्यावर शिडी घेतलेला एक रंगारी थिजून उभा होता. ट्रकच्या आडून तो कधी बाहेर आला, ते बाईंना कळलंच नव्हतं. त्याने शिडी सावरली, हात वर केला आणि गाडीला नमस्कार केला.

"काय पाय आहे, बाई!" आरसा मागून ओरडली. "मला तर तो दिसलासुद्धा नाही!"

बाईंनी खाली पाहिलं. त्यांचा पाय रेसवर होता.

पुढच्या पंपावर सगळे थांबले. कागदी कपांतून कॉफी आली, उकडलेली अंडी निघाली, आणि आरसाने तो प्रसंग तीन वेळा सांगितला. दर वेळी शिडी थोडी लांब होत होती. झटक्या मात्र धंद्यातला माणूस. त्याने फॉर्म काढला.

"बाई, मला लिहायचंय म्हणून विचारतो. समोर काही आलं तर ही गाडी स्वतः ब्रेक मारते. तर आता ब्रेक तुम्ही मारलात की गाडीने?"

बाईंनी अंडं सोलायला घेतलं.

"बाईंनी," मुंगी म्हणाला. "मी शेजारी होतो. पाहिलं मी."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाई कॉफीचा कप घेऊन पंपामागच्या बाकावर जाऊन बसल्या. थोड्या वेळाने मुंगी आला आणि शेजारी बसला.

"खोटं का बोललास?"

"तुम्ही माझ्यासाठी बोलला होतात म्हणून."

"मी? कधी?"

"चौथ्या परीक्षेला," मुंगी म्हणाला. "शाळेच्या कोपऱ्यावर. म्हातारा मधे आला होता, हातात दुधाची किटली."

बाईंनी कप बाकावर ठेवला. सत्तावीस वर्षं त्यांनी ही गोष्ट पोटात ठेवली होती. परीक्षक मागे बसलेला, मान खाली घालून मांडीवरच्या कागदावर लिहीत होता. शिकवणाऱ्याने दुसऱ्या ब्रेकला पाय लावला की उमेदवार नापास, इतका साधा नियम. पण या पोराची ही चौथी खेप होती, अ‍ॅम्ब्युलन्सची नोकरी लायसन्सवर अडली होती, आणि घरात आई अंथरुणाला खिळलेली. बाईंच्या पायाने ब्रेक दाबला. परीक्षकाने मान वर केली, "छान थांबवलीत," म्हणाला. बाई नुसत्या समोर बघत राहिल्या.

"तुला वाटलं असेल तूच मारलास, असं मी समजत होते," बाई म्हणाल्या.

"माझा पाय रेसवर होता, बाई. पायाला कळतं."

"मग तरी नोकरी धरलीस?"

"लगेच नाही. साहेबांना सांगितलं, एक महिना द्या. मावसभावाची व्हॅन घेतली आणि महिनाभर रोज संध्याकाळी त्याच कोपऱ्यावरून जायचो. शंभरदा तरी गेलो असेन. तो म्हातारा शेवटी मला ओळखायला लागला, हात करायचा. मग हजर झालो." तो कपाकडे बघत होता. "तुम्ही मला नापास केलं असतं, तर मी पाचव्यांदा आलो नसतो. त्यामुळे आज माझी पाळी होती. हा खोटेपणा माझ्याकडे राहू दे. कुणाला कळणार नाही."

बाईंना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. असं कुणी आपल्यासाठी इतकी वर्षं मनात धरून ठेवेल, हे त्यांना वाटलं नव्हतं. किल्ली पर्समध्ये राहिली असती. संध्याकाळी लेकीला तयार ठेवलेलं वाक्य सांगता आलं असतं. फक्त गप्प बसायचं होतं, आणि ते त्यांना येत होतं.

मग त्यांनी नाक पुसलं.

"तू तेवीस वर्षांचा होतास रे. तुझं महिनाभरात सुधारलं. मी त्या ट्रकशेजारून हजारदा गेले तरी मला कडेचं दिसायचं नाही. खांब सरळच आहे, मुंगी. कुंडीपण जागेवरच होती."

मुंगीने मान वळवून गाड्यांकडे पाहिलं.

"आणि उद्या माझ्या स्वतःच्या गाडीत मला कोण ब्रेक मारून देणार?"

त्या उठल्या, झटक्याकडे गेल्या आणि त्याच्या हातातला फॉर्म ओढून घेतला. पेन मागितलं. 'ब्रेक' या शब्दापुढे त्यांनी सावकाश, वर्गात लिहायच्या तशा अक्षरात लिहिलं: उत्तम. गाडीने मारला, चालकाने नाही. चालकाला माणूस दिसला नव्हता. खाली सही केली. झटक्याने ते वाचलं, टकलावरून हात फिरवला आणि फॉर्मची नीट घडी केली. आरसाने बाईंचा दंड धरला.

"आता उगाच तोंडं पाडू नका," बाई म्हणाल्या. "मी नापास झाले, मेले नाही."

लेकीला फोनही त्यांनी तिथूनच लावला. संध्याकाळची वाट बघितली तर आपला धीर सुटेल, हे त्यांना ठाऊक होतं.

"अगं, आजपासून नाही," त्या म्हणाल्या. "डॉक्टर बघ, खरा डोळ्यांचा. पाठ करता येणार नाहीत अशा अक्षरांचा."

लेक पलीकडे नाक पुसत हसली.

"आई, मी नापास व्हायचे तेव्हा तू मला आईस्क्रीम द्यायचीस."

"मग आणून ठेव. दोन वाट्या."

परतीला मुंगी स्टिअरिंगवर बसला, बाई शेजारी. आरसा मागे होतीच, आता झटक्याही तिच्या शेजारी येऊन बसला. मुंगीने बटणावर बोट ठेवलं आणि मोठ्याने मोजायला सुरुवात केली. दोनपासून आरसा आणि झटक्या त्यात आले. सहाला बाईंचाही आवाज लागला, दहा सगळ्यांनी मिळून म्हटलं.

उतार लागला. नदीजवळच्या पहिल्या आखूड वळणावर बाईंचा पाय आपोआप चटईवर दाबला गेला, आणि त्याच क्षणी गाडी अलगद हळू झाली. दुसऱ्या वळणावरही तसंच. तिसऱ्या वळणावर बाईंनी मुद्दाम थोडा लवकर दाबला. गाडी थोडी लवकर हळू झाली.

"मुंगी, माझ्या पायाकडे बघून चालवतोयस काय रे? समोर बघ!"

"समोरच बघतोय, बाई," मुंगी म्हणाला. "शेजारची सीट रिकामी असली तरी तिथे तुमचा पाय आहे असं धरूनच मी चालवतो."

बाईंनी चटई सरळ केली आणि पाय पुन्हा आपल्या जागेवर ठेवला. पुढचं वळण जवळ आलं होतं.