परत न आलेली

सकाळचे ऊन त्या स्वयंपाकघरात बिचकत येई. आधी खिडकीच्या वरच्या गजावर नुसती एक पिवळी रेघ. मग ती हळूहळू रुंदावे, भिंतीवरच्या ओलीच्या डागाला हात लावी, फळीवरच्या डब्यांची झाकणे एकामागून एक उजळवी, कपांच्या कडांवर क्षणभर थबके आणि ओट्यावर उतरे. तिथे तिला वहिनीचे हात सापडत. चिरणारे, पुसणारे, उचलणारे हात. दाराशी चहा घेत बसलेल्या धाकट्याला वाटे, या घरात उजाडते ते खिडकीतून नव्हे, या हातांवरून.

त्या दिवशी ते हात थांबले. उजव्या हाताने डावा कोपर घट्ट धरून वहिनी ओट्याला टेकून उभी राहिली. ऊन पुढे सरकले, ती नाही.

"वहिनी, बरं नाही का?"

"काही नाही हो, भाऊजी. हात जरा भरून आलाय. छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं..."

"पित्त आहे," आतून आईचा आवाज आला. "उपाशीपोटी राबलं की होतं असं. माझी दोन बाळंतपणं झाली, पण कधी हूं की चूं केलं नाही."

वहिनी हसली. "ऐकलंत? आमच्या घरात डॉक्टर आहेतच. तुमच्या यंत्राचं काय काम?"

आईला ते खरेच वाटत होते. तिच्या सासूने तिचे दुखणे सांगितले, आता ती सुनेचे सांगत होती. त्या घरात बाईने सोसायचे आणि वडीलधाऱ्यांनी बोलायचे, ही रीत इतकी मुरली होती की ती रीत आहे हेही कुणाला जाणवत नसे.

धाकट्याचे काम यंत्राची परीक्षा घेण्याचे होते. इस्पितळाच्या दाराशी त्या यंत्राचा, संगणकासारखा एक पडदा बसवला होता. तो आजाऱ्याला प्रश्न विचारी आणि ठरवी, कुणी लगेच आत जायचे, कुणी थांबायचे, कुणी घरी परतायचे. ते निर्णय किती बरोबर ठरले, हे धाकटा तपाशी. घरी पाठवलेला माणूस आजार वाढून परत आला, तर लाल खूण. नाही आला, तर बरा झाला असे धरायचे आणि हिरवी.

शेजारच्या टेबलावरच्या मुलीला ऑफिसात सगळे शंकासुर म्हणत. त्या दिवशी तिने खुर्ची वळवली.

"जे परत येत नाहीत, ते सगळे बरेच होतात का रे?"

"मग काय धरायचं?"

"माहीत नाही, असं धरायचं. बायका बघ. पुरुषांपेक्षा कितीतरी कमी परत येतात. इतक्या ठणठणीत असतात होय बायका? का त्यांना परत आणायला कुणाला सवड नसते?"

"शंकासुरा, दळणाआधी खडे निवडतात, तशी गर्दीतून किरकोळ दुखणी बाजूला काढावीच लागतात," पलीकडून साहेब म्हणाले.

"निवडा की, साहेब. पण सुपातून दाणेच उडाले, तर भाकरी कशाची करणार?"

सगळे हसले. धाकटाही हसला. परंतु मनात कुठेतरी काहीतरी खुपले, आणि तो खिडकीबाहेर पाहत राहिला. लाजऱ्या माणसाला वाद नको असतो. त्याच्या गप्प बसण्याला लोक समंजसपणा म्हणतात.

संध्याकाळी तो घरी पोचला, तेव्हा वहिनी जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती. कपाळावर घाम. थोरला भाऊ ट्रक घेऊन लांबच्या फेरीवर. आईचाही धीर सुटला. "चल बाबा, दाखवून आणू."

इस्पितळाच्या दाराशी रांग होती. पडद्याने पहिलाच प्रश्न विचारला: उत्तरे कोण देत आहे? रुग्ण स्वतः, की सोबतची व्यक्ती? 'सोबतची व्यक्ती' म्हटले की प्रश्न दुपटीने वाढतात, हे धाकट्याइतके कुणाला ठाऊक असणार?

"आटपा हो, मागे माणसं आहेत," कुणीतरी म्हणाले.

पडद्याने विचारले, छातीत दुखते का?

"छातीत कुठलं! पित्त आहे," आई म्हणाली.

हाताला मुंग्या येतात?

"सकाळपासून ओला कपडा पिळतेय. येणारच."

"भाऊजी," वहिनी हळूच म्हणाली, "मला नीट..."

"झालंच, वहिनी. एकच प्रश्न राहिलाय."

पडद्यावर अक्षरे उमटली: घरी जा, विश्रांती घ्या, त्रास वाढल्यास परत या. आईने सुटकेचा निःश्वास सोडला. "बघ, मी म्हटलं नव्हतं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी दोरीवर कपडे वाळत घालता घालता वहिनी खाली बसली. पुन्हा उठली नाही. हातातली ओली चादर तिच्या मांडीवर तशीच राहिली.

थोरला आला. "तिने काही सांगितलं नाही तुम्हाला?" एवढेच तो विचारत राहिला.

"सांगितलं ना," धाकटा म्हणाला. "ती स्वतःच म्हणाली, पित्त आहे. यंत्र चुकलं, दादा." हेच त्याने शेजाऱ्यांना सांगितले, ऑफिसात सांगितले, आणि बोलून बोलून ते त्याला खरेही वाटू लागले.

पुढे अंतिम तपासणीचा दिवस आला. नोंदी एकेक करून सरकत होत्या, आणि त्यांत ती आली. नाव नव्हते. वय, तारीख, वेळ. निर्णय: घरी. परत आली नाही. पुढे हिरवी खूण.

वहिनी बरी झाली होती.

तो उठला आणि साहेबांसमोर उभा राहिला. "या तपासणीच्या अहवालावर मी सही करणार नाही."

"अरे, तुझं दुःख कळतं मला. पण एका माणसाने टक्केवारी हलत नाही."

"एक कशावरून, साहेब? परत न आलेल्या प्रत्येकीच्या घरी कुणीतरी जाऊन विचारलं पाहिजे. तोवर या हिरव्या खुणा खोट्या आहेत."

"आणि नाही केलीस सही, तर?"

"तर दुसरा कुणीतरी करेल. मी नाही."

स्वतःचा आवाज इतका मोठा आहे, हे त्याला प्रथमच कळले. तो जागेवर परतला तेव्हा शंकासुर त्या नोंदीकडे पाहत होती. या वेळी तिच्या बोलण्यात थट्टा नव्हती.

"इथे 'रुग्ण स्वतः' असं आहे. बोलल्या होत्या त्या?"

त्याने तोंड उघडले. रोजचे वाक्य ओठांशी तयारच होते. समोर ऊन टेबलाच्या कडेवरून सरकत त्याच्या हातांवर येऊन थांबले.

"नाही," तो म्हणाला. "तिला कुणी विचारलंच नाही. ते बटण मी दाबलं."