धर्माने बुजवलेली भोकं

करावे गावातल्या धर्माचा जन्म होड्यांची भोकं बुजवण्यात गेला होता. त्यामुळे बापाची जुनी गाडी पुन्हा रस्त्यावर आणायचं त्याने मनावर घेतलं, तेव्हा घरच्या घरी तेच केलं. गंज घासला, फायबरचे थर चढवले आणि दारांच्या तळाची बारीक भोकंसुद्धा शिव्या हासडत लिंपून टाकली. काचेच्या फटीतून दारात उतरलेलं पाणी निघून जावं म्हणून ती मुद्दाम ठेवलेली असतात, हे त्याच्या गावीही नव्हतं.

सारा पावसाळा गाडी अंगणात उभी होती. दसऱ्याला त्याची बायको चंद्राबाई पूजेचं ताट घेऊन आली. नवरी म्हणून ती ज्या दाराने उतरली होती, त्यालाच दरवर्षी पहिलं कुंकू लावायची. तिने ते उघडलं, तर आत काहीतरी डुचमळलं.

"अवो, दारान पानी हाय!"

धर्माने घाईघाईने खालून स्क्रू ड्रायव्हर खुपसला. दाराचा कुजलेला बाहेरचा पत्राच सुटून हातात आला आणि तांबडं पाणी त्याच्या पायांवर सांडलं. होडी असती तर पाणी उपसून तो मोकळा झाला असता. इथे तो पत्रा धरून नुसता बसून राहिला.

चंद्राबाईचं बोट कुंकवात तसंच होतं. तिने हळूच विचारलं, "आता कुठं लावू?"